दोन अंकांमधील अंतर : सिंगापूरचा जगज्जेतेपदाचा सामना

सिंगापूर बेटाच्या ईशान्य टोकाला पुंगोल नावाचे उपनगर आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे ‘पुंगोल कोस्ट’ हे भुयारी रेल्वेचे नवे स्थानक लोकांसाठी खुले झाले. २००३ सालापासून पुंगोल हेच त्या मार्गाचे अखेरचे स्थानक होते. आता रूळ समुद्राच्या दिशेने आणखी एक पाऊल पुढे गेले. याच मार्गाचे दुसरे टोक बेटाच्या दक्षिणेस हार्बरफ्रंट येथे आहे, आणि तेथून चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडली की सेंटोसा हे लहानसे बेट लागते. योगायोग असा की, पुंगोलकर आपल्या नव्या स्थानकाचे स्वागत करीत होते तो दिवस सेंटोसावर विश्रांतीचा होता. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी तेथे चाललेल्या सामन्याचे बारा डाव संपले होते, दोन डाव उरले होते आणि गुणफलक सहा-सहा असा बरोबरीत उभा होता. चीनचा डिंग लिरेन हा जगज्जेता होता आणि भारताचा दोम्माराजू गुकेश हा त्याचा आव्हानवीर.

या सामन्याविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले. तथापि त्यातील एका गोष्टीकडे आम्ही आपल्या वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. दोन खेळाडूंची शक्ती अंकांत मोजून ठेवण्याची पद्धत आज सर्वमान्य झाली आहे. त्या मोजमापानुसार हा सामना विषम होता, आणि तोही उलट्या दिशेने विषम होता. मुकुट ज्याच्या मस्तकी होता त्याचे गुण कमी होते, आणि जो मुकुट मागावयास आला होता त्याचे गुण अधिक होते. अशा वेळी श्रेष्ठ कोणाला म्हणावे, अंकाला की पटावर बसलेल्या माणसाला? या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे आणि तो आपल्या दोन्ही देशांना स्पर्श करून जातो.

प्रथम स्थळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आज पुंगोल येथे उंच इमारतींच्या रांगा दिसतात. परंतु काही दशकांपूर्वी तेथे डुकरे आणि कोंबड्या पाळणाऱ्यांच्या वाड्या होत्या आणि किनाऱ्यावर मासळीची उपाहारगृहे होती. १९९६ साली सरकारने नव्या वसाहतीची योजना जाहीर केली आणि पुढील काही वर्षांत गाव पालटले. त्याच किनाऱ्यावर २८ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी सैन्याने शेकडो चिनी नागरिकांना गोळ्या घालून ठार केले होते. सेंटोसाचे जुने नाव ‘ब्लाकांग माती’; ब्रिटिशांच्या तोफा तेथे रोखलेल्या असत. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्या बेटाला शांततेचा अर्थ असलेले सेंटोसा हे नाव मिळाले. सिंगापूर आपल्या लोकांना अगदीच परके नाही. मुंबईप्रमाणेच तेथेही बगदादी यहुद्यांनी सिनेगॉग उभारले. माघेन आबोथ हे १८७८ सालचे आणि खेसेद एल हे १९०५ सालचे. १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल हे याच समाजातील होते. अशा या बंदरी शहराने चेन्नई आणि नवी दिल्ली या दोन भारतीय शहरांना मागे टाकून २०२४ च्या सामन्याचे यजमानपद मिळविले.

आता गुणांकनाकडे वळू. खेळाडूला अंक देण्याची आजची पद्धत प्रा. आर्पाद एलो यांनी घालून दिली. त्यांचा जन्म १९०३ साली हंगेरीत एका शेतकरी कुटुंबात झाला. दहा वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले, म्हणजे तेही स्थलांतरित कुटुंबाचेच अपत्य. मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात ते पदार्थविज्ञान शिकवीत आणि स्वतः उत्तम बुद्धिबळ खेळत. अमेरिकेच्या संघटनेने त्यांची पद्धत १९६० साली स्वीकारली, तर जागतिक संघटनेने १९७० साली. पद्धतीचे मर्म सोपे आहे. दोन खेळाडूंच्या गुणांत फरक नसेल तर दोघांची अपेक्षा निम्मी-निम्मी. फरक १०० गुणांचा असेल तर वरच्याने शंभर डावांतून सुमारे ६४ गुण मिळवावेत. २०० चा असेल तर ७६. ४०० चा असेल तर ९१. येथे विजयाचा एक गुण आणि बरोबरीचा अर्धा गुण धरावयाचा. अपेक्षेपेक्षा अधिक मिळविले तर अंक चढतो, कमी मिळविले तर उतरतो. कमी गुणांच्या खेळाडूने मोठ्याला हरविले तर त्याला पुष्कळ लाभ होतो आणि मोठ्याची हानीही तितकीच मोठी होते. म्हणूनच विषम जोडीच्या डावात मोठा खेळाडू बहुधा अस्वस्थ असतो. जिंकल्यास त्याला मिळावयाचे थोडे असते, हरल्यास गमवावयाचे फार.

या पद्धतीचे सामर्थ्य जसे प्रा. एलो जाणत होते तशी तिची मर्यादाही जाणत होते. पाण्यावर खालीवर होणाऱ्या बुचाची उंची मोजण्याशी त्यांनी या मोजमापाची तुलना केली होती. अंक सरासरी सांगतो. आज, या घटकेला, हा माणूस कसा खेळेल हे तो सांगत नाही.

सिंगापूरला आलेल्या दोघांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे होते. गुकेशचा अंक होता २७८३ आणि जगात त्याचे स्थान पाचवे. डिंगचा अंक २७२८ आणि स्थान तेविसावे. अंतर ५५ गुणांचे. परंतु हाच डिंग २०१८ साली २८१६ पर्यंत चढला होता आणि त्या सुमारास सलग शंभर डाव तो अपराजित राहिला होता. एप्रिल २०२३ मध्ये अस्ताना येथे त्याने नेपोम्नियाची याला जलद डावांत हरवून जगज्जेतेपद मिळविले. त्यानंतर मात्र त्याचे मन खचले. नैराश्याने आपणास ग्रासले आहे हे त्याने लपविले नाही. अनेक महिने तो स्पर्धांपासून दूर राहिला, आणि परतल्यावर जानेवारी २०२४ नंतर त्याला दीर्घ मुदतीचा एकही डाव जिंकता आला नव्हता. जाणकारांपैकी अनेकांनी हा सामना एकतर्फी होईल असे भाकीत केले होते.

गुकेशचा प्रवास अगदी उलट दिशेचा होता. २९ मे २००६ रोजी चेन्नईत जन्मलेला हा मुलगा सात वर्षांचा असताना, २०१३ साली, त्याच शहरात आनंद आणि कार्लसन यांचा सामना प्रेक्षकांत बसून पाहत होता. बारा वर्षे सात महिने झाले असताना तो ग्रँडमास्टर झाला. त्याचे वडील शल्यचिकित्सक. मुलाबरोबर गावोगावी हिंडता यावे म्हणून त्यांनी आपला व्यवसाय बाजूला ठेवला आणि घराचा भार आईने उचलला. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो येथे आव्हानवीरांची स्पर्धा त्याने सतराव्या वर्षी जिंकली. असे असले तरी एक गोष्ट अंकांच्या आड दडली होती. डिंगविरुद्ध दीर्घ मुदतीचा एकही डाव गुकेशने तोवर जिंकला नव्हता. उलट, डिंगने त्याला दोनदा हरविले होते.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी पहिला डाव झाला आणि भाकिते तेथेच डळमळली. काळ्या मोहऱ्यांनी खेळून डिंगने तो डाव जिंकला. तिसऱ्या डावात डिंगच्या घड्याळातील वेळ संपला आणि गुकेशने बरोबरी साधली. त्यानंतर सलग सात डाव बरोबरीत सुटले. यांपैकी काही डावांत डिंगची स्थिती चांगली असूनही त्याने बरोबरीत समाधान मानले, अशी टीका झाली. ८ डिसेंबरच्या अकराव्या डावात डिंगच्या हातून वजिराची एक चुकीची चाल झाली आणि पुढच्याच चालीनंतर त्याला डाव सोडावा लागला. आता केवळ तीन डाव राहिले होते आणि सामना संपला असेच सर्वांना वाटले. परंतु दुसऱ्याच दिवशी, ९ डिसेंबरला, याच खचलेल्या समजल्या गेलेल्या खेळाडूने बाराव्या डावात असा निर्दोष खेळ केला की, ३९ चालींत गुकेशला शरण यावे लागले. सहा-सहा. पुंगोलच्या नव्या स्थानकाचा दिवस उजाडला तो या बरोबरीवर. ११ डिसेंबरचा तेरावा डाव ६९ चालींनंतर बरोबरीत सुटला.

१२ डिसेंबरच्या चौदाव्या डावात पांढरी मोहरी डिंगकडे होती. पांढऱ्याला पहिल्या चालीचा थोडासा लाभ असतो. तो उपयोगात आणून जिंकण्याचा प्रयत्न करावा, की बरोबरी करून दुसऱ्या दिवशीच्या जलद डावांकडे जावे? जलद खेळात डिंग अधिक बलवान समजला जाई, त्यामुळे त्याने दुसरा मार्ग पत्करला. एकामागून एक मोहरी बदलली गेली आणि डाव अंतिम अवस्थेला पोहोचला. दोन्ही बाजूंना राजा, एक हत्ती आणि एक उंट उरले. प्याद्यांत गुकेशकडे एक प्यादे अधिक होते. तथापि सारी प्यादी पटाच्या एकाच बाजूला असल्यामुळे अशी स्थिती बहुधा बरोबरीत सुटते. प्रेक्षक उठण्याच्या तयारीत होते.

गुकेश मात्र उठावयास तयार नव्हता. हरण्याचा धोका त्याला जवळजवळ नव्हता. म्हणून तो राजा पुढे आणून, हत्ती फिरवून, प्रतिपक्षाला पुन्हा पुन्हा नवी कोडी घालीत राहिला. डिंगच्या घड्याळात थोडा वेळ होता, गुकेशच्या घड्याळात भरपूर. पंचावन्नाव्या चालीला डिंगने आपला हत्ती दुसऱ्या ओळीत आणून हत्तीबदल देऊ केला. मोहरी कमी झाली की बरोबरी जवळ येते, हा सर्वसाधारण नियम. परंतु त्याचा उंट पटाच्या अगदी कोपऱ्यातील घरात होता. हत्ती बदलले जाताच गुकेशने आपला उंट त्याच तिरप्या रेषेवर समोर आणून ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला निसटण्यास जागा नव्हती. उंटही बदलणे भाग पडले. आता पटावर दोन राजे आणि प्यादी एवढेच राहिले, आणि अशा डावात एक अधिक प्यादे विजयास पुरेसे होते. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. अंतिम गुण : गुकेश साडेसात, डिंग साडेसहा.

चूक ध्यानी येताच गुकेशच्या चेहऱ्यावर उमटलेले भाव आणि डाव संपल्यावर त्याला आवरता न आलेले अश्रू जगाने पाहिले. अश्रू पुसून त्याने पटावरील सर्व मोहरी पुन्हा आपापल्या घरांत नीट लावून ठेवली. पुढे पत्रकारांसमोर त्याने डिंगला खरा विजेता म्हणून गौरविले. डिंगनेही आपणास खंत नाही असे सांगितले. अठरा वर्षांचा गुकेश हा सर्वांत लहान वयाचा निर्विवाद जगज्जेता ठरला. १९८५ साली कास्पारोव्ह याने हा मान मिळविला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

या ठिकाणी थोडा हिशेब करून पाहू. ५५ गुणांच्या अंतराला एलो पद्धतीप्रमाणे वरच्या खेळाडूची अपेक्षा शेकडा सुमारे ५८ येते. चौदा डावांत ती आठ गुणांहून किंचित अधिक होते. गुकेशला मिळाले साडेसात. म्हणजे अंकाच्या न्यायालयात पाहिले तर हरलेल्या डिंगने अपेक्षेहून सरस खेळ केला! ज्याला जगाने आधीच निकालात काढले होते, त्याने शेवटच्या डावाच्या शेवटच्या तासापर्यंत मुकुट सोडला नाही. आणि ज्याला अंकाने आधीच विजयी ठरविले होते, त्यालाही तो विजय चौदा दिवस पटावर बसूनच मिळवावा लागला. अंक दोघांच्याही उपयोगी पडला नाही.

इतिहासात असे पूर्वीही घडले आहे. १८९४ साली पहिला अधिकृत जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याला पंचवीस वर्षांच्या इमानुएल लास्करने आव्हान दिले. दोघेही यहुदी; एक प्रागच्या शिंप्याचा मुलगा, दुसरा एका हज्जानाचा. त्या काळी गुणांकन नव्हते, परंतु मोठमोठ्या जाणकारांच्या लेखी लास्कर अद्याप कच्चा होता. त्याने दहा डाव जिंकले, पाच हरले आणि पुढे सत्तावीस वर्षे तो मुकुट सांभाळला. १९२७ साली अलेखाइन कापाब्लांकासमोर बसला तेव्हा त्याने त्याला पूर्वी एकदाही हरविले नव्हते. ब्युनोस आयर्सचा तो सामना अलेखाइनने जिंकला. पंजाबातील एका जमीनदाराच्या पदरी असलेला मीर सुलतान खान हा देशी नियमांनी बुद्धिबळ शिकला होता. विलायती पुस्तकांचा त्याला आधार नव्हता. तरीही त्याने ब्रिटिश अजिंक्यपद १९२९, १९३२ आणि १९३३ अशा तीन वर्षी जिंकले आणि हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकाला नमविले. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा सन्मान दिला तो २०२४ साली, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. अंक आणि पदव्या कधी कधी माणसाच्या फार मागून चालत येतात.

मुंबईहून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ‘नवाकाळ’ हे दैनिक आठवत असेल. त्याचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन कन्यांनी भारतातील महिलांचे अजिंक्यपद पहिले दशकभर आपल्याच घरात ठेवले. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जागतिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. येथे पणाला लागले होते ते केवळ गुण नव्हते, तर पटावर बसण्याचा हक्क होता. कमी समजल्या गेलेल्याला आधी खुर्ची मिळाली पाहिजे. त्यानंतरच त्याचे सामर्थ्य कळते. पाच वर्षांनी, १९८१ साली, हीच रोहिणी हैदराबादेत आशियाची विजेती झाली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तो आपल्याहून सुमारे ८० गुणांनी वरच्या कोनेरू हंपीला जलद डावांत हरवून. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली.

आणि एक सामना असा होता की, ज्यात आपल्या समाजाने कोणाचा जयजयकार करावा हेच समजणे कठीण. मे २०१२ मध्ये मॉस्को येथे भारताचा विश्वनाथन आनंद आणि इस्राएलचा बोरिस गेल्फंड जगज्जेतेपदासाठी समोरासमोर बसले. गेल्फंड मिन्स्कमध्ये जन्मला आणि १९९८ साली इस्राएलमध्ये येऊन स्थायिक झाला. म्हणजे तोही आपल्यासारखाच ओले. आनंदचा अंक २७९१, गेल्फंडचा २७२७. अंतर ६४ गुणांचे, सिंगापूरपेक्षाही अधिक. हिशेबाप्रमाणे बारा डावांत आनंदला सात गुण मिळावयास हवे होते. प्रत्यक्षात सातवा डाव गेल्फंडने जिंकला, दुसऱ्याच दिवशी आठवा आनंदने अवघ्या सतरा चालींत जिंकला आणि बाकीचे सर्व बरोबरीत सुटून गुणफलक सहा-सहा झाला. ३० मे रोजी जलद डावांत आनंदने अडीच विरुद्ध दीड अशी सरशी केली. मायभूमी जिंकली, पितृभूमी हरली नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

बेरशेबात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना ठाऊक असेल की, वाळवंटाच्या कडेचे ते शहर बुद्धिबळासाठी प्रसिद्ध आहे. सोव्हिएत संघातून आलेल्या एलियाहू लेवान्त यांनी १९७० च्या दशकात तेथे क्लब उभा केला आणि २००५ साली जागतिक सांघिक स्पर्धा त्या शहरात भरली. नव्याने आलेल्या मुलांना तेथे भाषा येण्याच्या आधी पटावर बसता आले. पटाची भाषा सर्वांना एकच.

स्थलांतरित माणसाला अंकांची ओळख लवकर होते. नव्या देशात पाय ठेवताच त्याची भाषा, त्याचे शिक्षण, त्याचा धंदा, सारे कोणीतरी मोजते आणि एका रकान्यात लिहून ठेवते. पुढे मुलांचे शाळेतील गुणही त्याच रकान्यांत जाऊन बसतात. मोजमाप करू नये असे आमचे म्हणणे नाही. मोजमापाशिवाय स्पर्धा नाही, आणि एलो यांच्या पद्धतीने कित्येक अनोळखी मुलांना जगाच्या नजरेत आणले हेही खरे. परंतु अंक मागे काय घडले ते सांगतो. पुढची चाल त्या अंकाला ठाऊक नसते. ती ज्याने त्याने स्वतः खेळावयाची असते. कमी गुण असलेल्याने आधीच डाव सोडू नये, आणि अधिक गुण असलेल्याने आधीच हात पुढे करू नये.

सिंगापूरच्या अखेरच्या डावाची खरी शिकवण आम्हांस अशी वाटते. गुकेश जिंकला तो अंकाने नव्हे. बरोबरीत सुटणारा म्हणून इतरांनी सोडून दिलेला डाव तो तासन्‌तास खेळत राहिला म्हणून जिंकला. डिंग हरला, परंतु त्याला कमी लेखणाऱ्यांना त्याने चौदा डावांचे उत्तर दिले. आपल्या घरातील मुलामुलींनी या दोघांची नावे सारख्याच आदराने लक्षात ठेवावीत, एवढीच आमची इच्छा आहे.